रुमाल टाकून धरलेली जागा

फुटबॉलवरच्या लेखसंग्रहाला भंडाऱ्याच्या माणसाची प्रस्तावना हवी, असा निरोप आला तेव्हा संपादक चेष्टा करताहेत असं मला वाटलं. आमचा जिल्हा धानाचा, तलावांचा, पितळेच्या भांड्यांचा. कबड्डीचा आणि शंकरपटाचाही. फुटबॉल अगदीच नाही असं नाही. शालेय स्पर्धांच्या यादीत त्याचं नाव असतं आणि स्पर्धेच्या आठ दिवस आधी शाळांमध्ये संघही तयार होतात. पण गावच्या पारावर कधी फुटबॉलवरून भांडण झालेलं मी ऐकलेलं नाही. ज्या खेळावरून भांडण होत नाही तो गावाचा खेळ नव्हे, इतकं मी साठ वर्षांत शिकलो आहे.

तरीही हो म्हटलं, त्याला दोन प्रसंग कारणीभूत आहेत.

गेल्या हिवाळ्यात साकोलीकडून येत होतो. धान कापून झालं होतं आणि रस्त्याला लागून असलेल्या एका बांधीत पोरांचा डाव रंगला होता. गोलंदाजाच्या पाठीवर ‘मेस्सी १०’, यष्टिरक्षकाच्या पाठीवर ‘नेमार’. अर्जेंटिना आणि ब्राझील मिळून टेनिस बॉलनं क्रिकेट खेळत होते, स्टंपांच्या जागी तीन तुराट्या रोवलेल्या होत्या. गाडी थांबवून विचारलं, ‘का रे पोट्टेहो, फुटबॉल नाही खेळत?’ मेस्सी म्हणाला, ‘खेलतो नं जी, मोबाइलवर.’

दुसरा प्रसंग न्यू जर्सीतला. माझी मुलगी तिकडे असते. तिचा मुलगा दर शनिवारी सकाळी सॉकर खेळतो आणि त्याचे व्हिडिओ मला येतात. गुडघ्यापर्यंत मोजे, हिरवंगार गवत, कडेला घडीच्या खुर्च्यांवर बसलेले आईबाप. सुट्टीत इकडे आला तेव्हा त्यानं विचारलं, ‘आबाजी, तुमच्या गावात सॉकर का नाही?’ मी उलट विचारलं, ‘तुमच्या देशात एवढी पोरं सॉकर खेळतात, मग मोठी झाल्यावर बघतात दुसरंच काहीतरी, ते का?’ तो गप्प झाला. खरं तर मीही गप्पच होतो.

हे दोन प्रश्न वरवर वेगळे दिसतात. अमेरिका कुठे आणि लाखांदूर कुठे! पण जसजसं वाचत गेलो तसतसा दोन्ही कुलुपांना एकच किल्ली लागेल असा संशय येऊ लागला.

आधी अमेरिकेचं. तिथं हा खेळ रुजला नाही याची ठरलेली कारणं आपल्याकडेही चघळली जातात. गोल फार कमी होतात, सामने बरोबरीत सुटतात, पंचेचाळीस मिनिटं खेळ थांबत नाही म्हणून टीव्हीला जाहिराती दाखवता येत नाहीत, अमेरिकन माणसाला धीर नाही. यातली पहिली दोन कारणं मला कधीच पटली नाहीत. पाच दिवस खेळून अनिर्णित राहणारा सामना डोक्यावर घेणाऱ्या देशात आपण राहतो. अमेरिकेचं बेसबॉलही काही धावांचा पाऊस पाडत नाही. ज्या खेळात जीव गुंतला आहे त्यातला कंटाळासुद्धा माणूस गोड मानून घेतो. जाहिरातींचं कारण थोडं खरं आहे, पण ते उशिराचं. घरोघरी टीव्ही आला तोवर तिकडची वाटणी केव्हाच होऊन गेली होती.

भंडाऱ्याच्या बसस्थानकावर नागपूरची गाडी लागते तेव्हाचं दृश्य डोळ्यांपुढे आणा. दाराशी झुंबड आणि चतुर माणसं खिडकीतून रुमाल आत टाकताहेत. कुणी पिशवी टाकतं, कुणी टोपी, एखादा तर लेकरूच आत सरकवतो. मागून चढणारा कितीही भला, सुशिक्षित, जगप्रसिद्ध असो, रुमाल टाकलेल्या जागेवर त्याला बसता येत नाही. आंद्रेई मार्कोविट्स या अभ्यासकानं आपल्या सहलेखकाबरोबर २००१ मध्ये अमेरिकन सॉकरवर जो ग्रंथ लिहिला त्याचा गाभा मला एसटीच्या भाषेत असा कळला. साधारण १८७० ते १९३० ही साठ वर्षं म्हणजे गाडी लागण्याची वेळ. औद्योगिक शहरं उभी राहत होती, कामगाराच्या हातात थोडा रिकामा वेळ येत होता, वर्तमानपत्रांत खेळाची पानं निघत होती. त्या काळात ज्यानं समाजाच्या मनात रुमाल टाकला, जागा त्याची झाली.

यात गंमत अशी की अमेरिकेत पहिला रुमाल फुटबॉलचाच पडत होता. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी रटगर्स आणि प्रिन्स्टन या दोन महाविद्यालयांत जो सामना झाला त्याला आज अमेरिकन फुटबॉलचा जन्म मानतात. पण तो खेळ आजच्या सॉकरच्या जवळचा होता. एका बाजूला पंचवीस गडी, चेंडू हातात घेऊन पळायची मनाई. चार वर्षांनी येल, प्रिन्स्टन, कोलंबिया आणि रटगर्स यांनी लंडनच्या वळणाचे नियमही ठरवले. हार्वर्ड मात्र अडून बसलं. त्यांचा स्वतःचा वेगळा खेळ होता, त्यात चेंडू हाती घेता येत असे. १८७४ मध्ये हार्वर्डची गाठ कॅनडाच्या मॅकगिल विद्यापीठाशी पडली, रग्बीची गोडी लागली आणि १८७६ पर्यंत बाकीची महाविद्यालयंही हार्वर्डच्या मागे गेली. पुढे येलच्या वॉल्टर कॅम्पनं नियम असे बदलले की रग्बीलाही आपलं लेकरू ओळखू येईना. दुसऱ्या बाजूला बेसबॉल होतं. त्याचा पहिला उघड व्यावसायिक संघ सिनसिनाटीत १८६९ मध्येच उभा राहिला होता. हिवाळ्यात बंद खोलीत पोरांना काय खेळवायचं या विवंचनेत जेम्स नाइस्मिथनं १८९१ मध्ये बास्केटबॉल काढलं. उन्हाळा, पानगळ, हिवाळा, तिन्ही हंगामांच्या जागा भरल्या.

सॉकर मग उभ्यानं प्रवास करणाऱ्यांत राहिला. तो खेळत होते गिरण्यांतले आणि पोलाद कारखान्यांतले स्थलांतरित कामगार. १९२० च्या दशकात त्यांची अमेरिकन सॉकर लीग चांगली भरात होती. बेथलेहेम स्टील हा तर कारखान्याचाच संघ. १९२८ मध्ये लीग आणि राष्ट्रीय संघटना यांच्यात स्पर्धेवरून भांडण जुंपलं, पाठोपाठ महामंदी आली आणि सगळं विस्कटलं. तरीही १९३० च्या पहिल्या विश्वचषकात अमेरिका उपान्त्य फेरीपर्यंत पोहोचली होती आणि १९५० मध्ये ब्राझीलच्या बेलो होरिझोंतेत तिनं इंग्लंडला १-० नं हरवलं. दुसऱ्या कुठल्या देशात त्यावर पोवाडे रचले गेले असते. तिथं कुणी फारसं लक्षही दिलं नाही. जिंकण्यानं खेळ आपला होतो हा समज निदान अमेरिकेपुरता तरी खोटा आहे.

‘सॉकर’ या शब्दावर इंग्रज नाक मुरडतात, त्याबद्दल जाता जाता एक. हा शब्द अमेरिकेनं काढलेला नाही. ‘असोसिएशन फुटबॉल’मधल्या मधल्या अक्षरांना शेपूट जोडून तो ऑक्सफर्डच्या पोरांनीच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बनवला. अमेरिकेत ‘फुटबॉल’ हे नाव दुसऱ्यानं बळकावलं म्हणून तिकडे तो टिकला, एवढंच. नावावरही रुमाल पडतोच.

आता आमच्याकडे येऊ.

भंडाऱ्याहून नागपूरकडे निघालं की नागपूरच्या अलीकडे कन्हान नदी लागते आणि तिच्या काठावर कामठी. १८२१ मध्ये इंग्रजांनी तिथं छावणी वसवली. गोऱ्या पलटणींनी हिंदुस्थानात जिथं जिथं तंबू ठोकले तिथं तिथं चेंडूही नेला. १८८८ चा ड्युरँड चषक आणि १८९१ चा मुंबईचा रोव्हर्स चषक या दोन्ही स्पर्धांत सुरुवातीला गोऱ्या पलटणींच्या संघांचाच जोर होता. कामठी आजही फुटबॉलचं गाव आहे. तिथला रब्बानी क्लब माहीत नसलेला नागपूरकर फुटबॉलप्रेमी सापडणार नाही. नागपूरही कच्चं नाही. हिस्लॉप महाविद्यालयातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतली पोरं पावसात फुटकी बादली लाथाडताना पाहिली आणि त्यातून २००१ पासून ‘स्लम सॉकर’ उभं राहिलं. ती गोष्ट नागराज मंजुळे यांच्या ‘झुंड’नं २०२२ मध्ये घराघरांत नेली.

एवढं सगळं भंडाऱ्यापासून तासा-दीड तासाच्या अंतरावर. मग फुटबॉल कन्हान ओलांडून इकडे का आला नाही?

छावणी आमच्या वाट्याला आली नाही, हे एक उत्तर. हावडा-मुंबई मार्गाची रेल्वे आली, पण ती शहराला वळसा घालून वरठीवरून गेली. भंडारा रोड स्थानक शहरापासून दहाएक किलोमीटर दूर. पलटण नाही आणि रेल्वेचं मोठं ठाणंही नाही, म्हणजे खेळ घेऊन येणारी माणसंच आली नाहीत. पण मला हे उत्तर अपुरं वाटतं. क्रिकेट घेऊन तरी कोण आलं होतं आमच्या मोहाडीला? आधी ते ट्रान्झिस्टरवरून आलं, मग १९८३ नंतर टीव्हीवरून, आणि बसलं.

खरं उत्तर शोधायला जमिनीकडे बघावं लागतं, अगदी शब्दशः. आमच्याकडे शेत म्हणजे बांधी. पाणी धरून ठेवायचं म्हणून चारी बाजूंनी धुरा घातलेला लहानसा तुकडा. एका बांधीतून दुसरीत जायचं तर धुरा ओलांडायचा. फुटबॉलचं मैदान किमान नव्वद मीटर लांब लागतं. तेवढी सलग सपाट जागा धानाच्या पट्ट्यात कुठून आणायची? त्यात कापणीनंतर जमिनीत धानाची खुंटं उभी असतात. अनवाणी पायानं चेंडूमागे धावून बघा, दुसऱ्या दिवशी दवाखाना. क्रिकेटला हे सगळं चालतं. खेळपट्टीपुरती जागा तासून घेतली की झालं. धुऱ्यापलीकडे गेला तर चौकार, तुरीत हरवला तर बाद, आणि शोधायचा ज्यानं मारला त्यानं. कबड्डीला तर तेरा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद एवढीच जागा हवी. ती गावच्या आखरावर, गुरं रानात गेली की मोकळी मिळते.

दुसरी गोष्ट हंगामाची. फुटबॉल पावसाला घाबरत नाही, चिखलात तर तो अधिकच खुलतो. पण पावसाळा म्हणजे आमच्याकडे रोवणी. पऱ्हे उपटायचे, पेंढ्या वाहायच्या, कमरेत वाकून दिवसभर रोवायचं. त्या दीड-दोन महिन्यांत बावीस धडधाकट पोरं चेंडूमागे पळताना दिसली तर गावातली म्हातारी माणसं काय बोलतील ते इथं छापता येणार नाही. मोकळीक मिळते ती धान घरात आल्यावर. आणि त्या काळावर आधीच इतके रुमाल पडलेले आहेत की विचारू नका. दिवाळीपासून गावोगावच्या मंडया सुरू होतात. मंडई म्हणजे दंडार, नाटक, पाव्हणे-राव्हणे. मग झाडीपट्टीची रंगभूमी रात्रीच्या रात्री जागवते. दिवसा शंकरपट. बैलजोडी सुटली की अख्खा तालुका श्वास रोखून उभा. २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं हा पट बंद पडला आणि डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा परवानगी मिळाली. मधल्या सात वर्षांत रिकाम्या झालेल्या त्या जागेवर फुटबॉल येऊन बसल्याचं मी तरी पाहिलं नाही. लोकांनी जागा तशीच राखली, घरातला माणूस बाहेरगावी गेल्यावर त्याचा पाट राखतात तशी.

आणि कबड्डी. तिचा रुमाल कुणी टाकला याचं उत्तर विदर्भातच आहे. अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये जी व्यायामशाळा काढली तीच पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाली. अमेरिकेची वाटणी होत होती त्याच काळात, बघा. देशी व्यायाम, देशी खेळ, आणि त्यामागे परक्या सत्तेसमोर छाती काढून उभं राहण्याची ऊर्मी. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकानं हुतूतू थेट जर्मनीत नेऊन दाखवला. इथून शिकून बाहेर पडलेले व्यायामशिक्षक वऱ्हाड-नागपूरच्या शाळाशाळांत पसरले. शाळेत पी. टी.चे मास्तर जो खेळ शिकवतील तोच पोरांचा खेळ होतो. आजही कबड्डीतून नोकरीच्या राखीव पाच टक्क्यांत शिरता येईल का याचा हिशेब गावात पोरांपेक्षा त्यांचे बाप जास्त करतात. ज्यांना तेही जमत नाही ते पहाटे डांबरी रस्त्यावर सोळाशे मीटर धावतात, पोलीस भरतीसाठी. आमच्या जिल्ह्यातला सर्वांत लोकप्रिय मैदानी प्रकार कोणता असं कुणी विचारलं तर मी निःसंकोच ‘भरती’ असं सांगेन.

सगळ्यात मजेशीर व्हॉलीबॉल. आमच्या गावांत संध्याकाळी जाळी बांधून तो जोरात चालतो. हा खेळ अस्सल अमेरिकन आहे. १८९५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या होल्योक गावी विल्यम मॉर्गननं तो काढला, तोही प्रौढ माणसांना बास्केटबॉलची धावपळ झेपत नाही म्हणून. ख्रिस्ती युवक संघटनेमार्फत तो जगभर गेला. त्याच संघटनेचे अमेरिकन हॅरी बक यांनी १९२० मध्ये मद्रासला शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय काढलं. अशा वाटांनी अमेरिकेचा घरगुती खेळ झाडीपट्टीतल्या गावात शाखा उघडून बसला आणि जगाचा लाडका फुटबॉल मात्र कन्हानपलीकडे ताटकळत राहिला. अठरा बाय नऊ मीटरची जागा, दोन बांबू, एक जाळी. आमच्या अंगणाच्या मापाचा खेळ आम्हाला कळला.

मग महाराष्ट्रात फुटबॉल जिथं रुजला तिथं काय वेगळं घडलं? कोल्हापुरात जाऊन या. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम. नावं वाचून कुस्तीचे आखाडे वाटतील आणि मुळात ते तसेच आहेत. तिथं फुटबॉलनं नवी जागा मागितलीच नाही, तो तालमीच्या मांडीवर जाऊन बसला. पेठेची ईर्ष्या, राजघराण्याचा आश्रय, लाल मातीतली खुन्नस हे सगळं आयतं मिळालं. शाहू स्टेडियमवर पीटीएम, म्हणजे पाटाकडील तालीम, आणि दिलबहार समोरासमोर आले की आपण सामना बघतोय की दोन पेठांचं भांडण, हे बाहेरच्याला कळत नाही. पारावरच्या भांडणाबद्दल सुरुवातीला बोललो ते हेच. २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला. गोव्यात हीच भूमिका चर्चनं आणि वाड्यानं बजावली. १८८३ मध्ये विल्यम लायन्स नावाच्या पाद्र्यानं शिवोलीत हा खेळ आणला असं तिकडे सांगतात. खेळाला घर लागतं. कोल्हापुरात तालीम मिळाली, गोव्यात चर्च, कोलकात्यात १९११ चा मोहन बागानचा विजय. गोऱ्या पलटणीच्या संघाला अनवाणी बंगाल्यांनी हरवलं आणि फुटबॉल स्वदेशी झाला. आमच्याकडे स्वदेशीचा मान त्याच सुमारास हुतूतूच्या नावावर लागत होता.

लोकप्रियता हा शब्दही जरा उकलून बघायला हवा. खेळणं वेगळं, बघणं वेगळं आणि त्यात जीव अडकणं वेगळं. अमेरिकेत लाखो पोरं सॉकर खेळतात, मुली तर फारच. १९७२ च्या कायद्यानं शिक्षणसंस्थांना मुलींनाही बरोबरीची संधी देणं भाग पडलं आणि मुलींच्या खेळात कुणीच रुमाल टाकून ठेवला नव्हता. जागा मोकळी होती, सॉकर बसला. अमेरिकन महिलांनी १९९१, १९९९, २०१५ आणि २०१९ असे चार विश्वचषक जिंकले. माझ्या मते मार्कोविट्सच्या म्हणण्याला याहून चांगला पुरावा नाही. १९९९ चा अंतिम सामना पाहायला पासादेनाच्या मैदानावर ९० हजारांहून अधिक माणसं होती. पुरुषांच्या खेळात मात्र पैसा ओतून पाहिला. १९७५ मध्ये न्यूयॉर्क कॉसमॉसनं पेलेला आणलं, दोन वर्षांत एका सामन्याला ७७ हजार लोक जमले, आणि १९८४ चा हंगाम संपताच कॉसमॉस ज्या लीगमध्ये खेळत होतं ती लीगच बंद पडली. याच कॉसमॉसमुळे सप्टेंबर १९७७ मध्ये पेले कोलकात्यात मोहन बागानविरुद्ध खेळला आणि सामना २-२ असा सुटला, हे आपण विसरतो. भारताला पेले दाखवला तो सॉकर न आवडणाऱ्या देशानं.

तिथलं चित्र आता बदलतं आहे. १९९४ च्या विश्वचषकाला अमेरिकेत पस्तीस लाखांवर प्रेक्षक आले, १९९६ मध्ये दहा संघांनिशी सुरू झालेल्या नव्या लीगमध्ये आज तीस संघ आहेत, २०२३ मध्ये मेस्सी मायामीला गेला आणि २०२६ च्या विश्वचषकाच्या यजमानपदाचा मोठा वाटाही अमेरिकेचाच. बसलेल्यांना कुणी उठवलेलं नाही, पण गाडीतले प्रवासी बदलले. मेक्सिकोकडून, मध्य अमेरिकेतून, आपल्याकडूनही माणसं गेली, त्यांनी आपल्या मांडीवर सॉकरला जागा दिली. माझा नातू त्यांपैकीच एक. आमच्याकडचं चित्र उलटं आहे. विश्वचषकाच्या रात्री जागणारी पोरं गावोगाव आहेत, फ्रान्सच्या बचावातली चूक ती मला समजावून सांगतात, आणि सकाळी बॅट घेऊन बांधीत उतरतात. नातू खेळतो आणि बघत नाही, इकडची पोरं बघतात आणि खेळत नाहीत.

पुढच्या पानांतले लेख फुटबॉलवर जीव असलेल्यांनी लिहिले आहेत. त्यांत कामठीची, कोल्हापूरची, गोव्याची माणसं भेटतील. मी आमच्या गावात फुटबॉलची खटपट करून पाहिली आहे. नातू येऊन गेल्यावर हुरूप आला, म्हणून गेल्या वर्षी धान निघताच आखरावर दोन्ही टोकांना दोन-दोन बांबू ठोकून घेतले आणि नागपूरहून चेंडू आणला. पोरं पंधरा दिवस खेळली, नाही असं नाही. मग मंडई आली. तीन बांबू मांडवाला लागले, चौथा अजून जागेवर आहे. सध्या त्याला कुणाची तरी म्हैस बांधलेली असते.